कागदावरचा दुसरा माणूस

आपल्या टेबलावर आलेला कागद चुका घेऊनच आला असणार, असं हारागुची फुमिए धरूनच चालायची. चुका काढायचाच तिला पगार मिळत होता. इन्नोशिमा बेटावर, गोदीच्या भिंतीला लागून मियाजी-सानचं ड्रॉइंग ऑफिस होतं, आणि तिथल्या सगळ्यांच्या रेषा शेवटी तिच्या हाताखालून जायच्या. एका हातात पिवळी पेन्सिल, दुसऱ्या हातात तांबडी. बरोबर असेल त्यावर पिवळी फिरवायची, चुकलं असेल तिथे तांबडी. एकदा पिवळं झालं की झालं. मग खुद्द मियाजी-साननीही तोंड उघडायचं नाही, असा तिथला रिवाज होता, आणि गोदीतले लोक तर पिवळं दिसेल ते डोळे झाकून बनवायचे. 'बघायला आलेल्या मुलालाही हिने पिवळी लावून बघितली असेल, म्हणून राहिली बिनलग्नाची,' असं ऑफिसातले लोक पाठीमागे म्हणत. तिला ते ऐकू येई. ती म्हणे, "तांबडी लावली होती."

त्या फेब्रुवारीत गोदीत एक जुनं खनिजवाहू जहाज दुरुस्तीला आलं होतं. गोदी कोरडी करून ते लाकडी ठोकळ्यांवर बसवलेलं. जहाजाच्या पोटातून, अगदी तळाशी, नाळेपासून म्हणजे पुढच्या टोकापासून थेट इंजिनापर्यंत एक बोगदा जात होता, माणूस वाकून चालेल एवढा. त्यातले पाइप गंजून चाळण झाले होते. ते नव्याने टाकायचे, आणि त्यांची ड्रॉइंगं मियाजी-सानच्या ऑफिसाकडे. पाइपाचं काम आयसोमेट्रिकमध्येच काढतात. समोरून एक, वरून एक, बाजूने एक अशी तीन चित्रं फिटरच्या हातात दिली, तर तोंडात टॉर्च धरून तो बिचारा ती जुळवणार कधी आणि पाइप बसवणार कधी? आयसोमेट्रिकमध्ये तिन्ही बाजू एकाच चित्रात दिसतात. उंची सरळ उभी काढायची, लांबी आणि रुंदी दोन्ही अंगांना तीस अंशांत तिरपी. पाइप कुठे वळला, कुठे चढला, एका नजरेत कळतं. बोगदा लांबलचक, एका कागदावर मावणारा नव्हे. म्हणून नाळेकडून सुरुवात करून त्याचे तुकडे पाडले होते आणि एकेका तुकड्याला एकेक कागद दिला होता.

त्यात मियाजी-सानची स्वतःची एक पद्धत होती. प्रत्येक कागदावर व्हॉल्वजवळ एक छोटा माणूस काढायचा. त्यासाठी प्लास्टिकची एक पट्टी होती, तिला माणसाच्या आकाराचं भोक. भोकात पेन फिरवलं की माणूस तयार. डोकं, खांदे, हात, पाय. नाकडोळे काही नाहीत. उभं कुठे राहायचं आणि व्हॉल्वपर्यंत हात पोचतो का, एवढं फिटरला कळलं की पुरे. नाव-गाव नसलेल्याला तिकडे गोंबे म्हणतात, तेच याचंही नाव पडलं. एका कागदावर एक गोंबे, असा नियम.

एका सकाळी फुमिएच्या हातात आलेल्या कागदावर दोन होते.

एक व्हॉल्वजवळ, जिथे हवा तिथे. दुसरा बोगद्यात मागे, नाळेच्या बाजूला, काही कामधंदा नसल्यासारखा नुसताच उभा. ड्रॉइंग कुसाकाचं होतं. कुसाका नवा होता, कोबेहून आलेला. बोलणं कमी, आणि नको तिथे हसायचा. धुतलेला कप चहा पिण्याआधी पुन्हा धुवायचा. फुमिएला तो पहिल्या दिवसापासून आवडला नव्हता.

"कुसाका-सान, हा कोण?"

"गोंबे."

"तो व्हॉल्वपाशी आहे तो गोंबे. मी मागच्याचं विचारतेय."

कुसाकाने कागद उजेडात धरला. बराच वेळ बघितलं. "मी एकच काढला होता," तो म्हणाला.

"मग दुसरा काय स्वतःच्या पायांनी आला?"

तो हसला नाही. एरवी हसला असता. तिला तेही खटकलं.

तिने ब्लेड घेऊन ट्रेसिंग कागदावरची शाई खरवडली, ती जागा नखाने घासून गुळगुळीत केली आणि विषय संपवला. पुढच्या तुकड्याच्या कागदावर पुन्हा दोन. त्याच्या पुढच्यावर पुन्हा. प्रत्येक वेळी दुसरा माणूस आदल्यापेक्षा थोडा पुढे, इंजिनाच्या बाजूला. तिने तोही खरवडला. पोरगं आपल्याला खेळवतंय, अशी तिची खात्रीच झाली. तपासनीस झोपली की नाही, हे बघायला नवे लोक असले चाळे करतात. करू दे म्हणावं, कधी ना कधी रंगेहाथ सापडेल.

दुपारी तिचा भाऊ शिगेनोबु ऑफिसच्या पायरीवर येऊन बसला. तो गोदीत फिटर होता, आणि त्या बोगद्यातच त्याचं काम चाललं होतं. आई गेली तेव्हा शिगे तिच्या कमरेला लागत होता. तिने त्याला वाढवला, त्याच्या मागे लागून त्याला कामाला लावला, आणि आता तो तिच्यापेक्षा वीतभर उंच होता. गेल्या वर्षी त्याने शेजारच्या बेटावरच्या एका मुलीशी लग्न करून तिकडेच बिऱ्हाड थाटलं होतं आणि वसंतात त्यांच्याकडे बाळ येणार होतं. जगात फुमिएचं म्हणावं असं हे एवढंच.

"ताई, आज कुणाचे वाभाडे काढलेस?" हासाकुचं संत्र्यासारखं फळ सोलत त्याने विचारलं. साल जाड, हात गंजाने लाल झालेले.

"अजून काढायचेत. बोगद्यात कसं आहे?"

"बोगद्यासारखं." त्याने एक फोड तिला दिली. "नाळेकडचं सगळं झालं. इंजिनाजवळचा मोठा व्हॉल्व राहिलाय, तो बसवला की सुटलो. तुमचे शेवटचे दोन कागद तेवढे टाका लवकर. हाकोझाकी-सान रोज माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटतायत." हाकोझाकी म्हणजे त्यांचा फोरमन.

"आत एकटाच असतोस?"

"हो." फळ खाता खाता तो थांबला. "एक सांगू? हसशील. आत कुणीतरी आहे असं वाटतं. टॉर्च मारला की कुणी नसतं. पण ते लांब असेल म्हणावं तर तसं वाटत नाही, आणि जवळ असेल म्हणावं तर तसंही नाही."

फुमिए हसली नाही. फळ मात्र तिला कडू लागलं. हासाकु कडसरच असतं, तिने मनाशी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तिने सापळा लावला. शेवटच्याच्या आधीचा कागद तिने कुसाकाच्या हातून काढून घेतला आणि स्वतः काढायला बसली. माणसाची पट्टी तिने काम झाल्यावर स्वतःच्या एप्रनच्या खिशात टाकली. कुसाकाला पेन्सिलींना टोक करायला बसवलं, तेही आपल्याकडे पाठ करून. ड्रॉइंग पुरं झालं तेव्हा त्यावर एकच गोंबे होता. तिने दोनदा बघितलं. मग कागद स्वतः मशीनपाशी नेला. प्रती काढायच्या त्या मशीनला अमोनियाचा असा वास की डोळ्यांना धारा लागाव्यात, पण तिने डोळे मिटले नाहीत. कागद आत गेला, निळी प्रत ओलसर, गरम अशी बाहेर आली.

प्रतीवर दोन गोंबे होते.

तिने मूळ कागद उलटसुलट करून बघितला. त्यावरही दोन. दुसऱ्याची शाई वाळलेली, खडखडीत. तिने भिंग लावलं. डोक्याचा गोल खालून डावीकडून सुरू झाला होता आणि जिथे संपला तिथे शाईचा बारीक थेंब साचला होता. गोल असा काढायची खोड त्या ऑफिसात एकाच माणसाला होती. ती तिलाच.

कुसाका तिच्या मागे येऊन कधी उभा राहिला, तिला कळलं नाही. "मला वाटलं होतं तुम्हीच काढता," तो हलकेच म्हणाला.

"मी? मला काय वेड लागलंय?"

"नवीन माणसाची परीक्षा घेत असाल म्हणून मी गप्प बसलो. तुमच्याकडे कागद पाठवायच्या आधी मीही खरवडत होतो." त्याने आपल्या खणातून जुने कागद आणले आणि एकेक खिडकीच्या काचेला लावला. खरवडलेल्या जागा उजेडात पांढुरक्या दिसत होत्या. फुमिएने खरवडली ती एक, आणि तिच्या मागे, जरा अंतरावर, कुसाकाने आधी खरवडलेली. एका जागेवरून पुसला की तो थोडा पुढे उमटत होता. पावलं टाकल्यासारखा.

फुमिएने खुर्ची ओढली आणि बसली. इतके दिवस एकाच संशयावर तिचं बरं चाललं होतं. आता संशय घ्यायलाही कुणी उरलं नव्हतं.

"तो कुठे तोंड करून आहे?" तिने विचारलं. "व्हॉल्वकडे की नाळेकडे?"

"नाकडोळेच नाहीत, कसं सांगू?"

"म्हणजे येतोय की जातोय?"

"साधं चित्र असतं तर कळलं असतं," कुसाका म्हणाला. "लांबचा माणूस लहान दिसतो, जवळ आला की मोठा होतो. आपल्या कागदावर कोण मोठं होतं, हारागुची-सान? आयसोमेट्रिकमध्ये बोगद्याच्या त्या टोकाचा माणूस आणि या टोकाचा माणूस सारखाच. तो आपल्या नाकासमोर येऊन उभा राहिला, तरी एवढाच दिसणार."

बाहेर गोदीत कुणीतरी पत्र्यावर हातोडा मारत होतं. फुमिएच्या मनात एकच गोष्ट आली. शेवटच्या कागदावर मोठा व्हॉल्व होता, आणि त्या व्हॉल्वपाशी उद्या शिगे उभा राहणार होता.

ती तशीच मियाजी-सानकडे गेली. म्हणाली, "शेवटचा कागद अडवा. दोन दिवस द्या."

"चूक सापडली?"

"सापडेल."

"सापडेल! अहो, जहाज परवा पाण्यात जायचंय. गोदीचा माणूस दारात धरणं धरून बसलाय. तुम्ही आजारी वगैरे आहात का? असाल तर घरी जा, तपासणी मी करतो."

मियाजी-सान तपासणार म्हणजे नुसतं पिवळं फासणार, हे तिला ठाऊक होतं. "नको," ती म्हणाली. "मीच बघते."

सकाळी शेवटचा कागद आला. दुसरा माणूस त्यावर होताच. आता तो व्हॉल्वपासून फार लांब नव्हता. फुमिएने ब्लेड असं चालवलं की कागद फाटायचा बाकी राहिला. खरवडलं, घासलं, भिंगातून बघितलं, कुसाकाला दाखवलं. जागा कोरी. लगेच दोन प्रती काढल्या, एक गोदीसाठी, एक ऑफिसच्या कपाटासाठी. दोन्हींवर पिवळी फिरवायला ती बसली, तेव्हा तिचा जीव थोडा भांड्यात पडला होता. जन्मात पहिल्यांदा तिने एखाद्या कामावर विश्वास टाकला होता, आणि ते काम तिचं स्वतःचं होतं. पाइप, वळण, पाइप, जोड, आधाराची पट्टी. पेन्सिल सवयीने पुढे जात राहिली. मन मात्र शिगेच्या येणाऱ्या बाळापाशी होतं. गोदीचा माणूस दारातून खाकरला. तिने सही केली आणि प्रत त्याच्या हातात दिली.

चहा झाल्यावर कुसाका कपाटातली प्रत घेऊन आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"हारागुची-सान. तुम्ही पास केलंत."

व्हॉल्वजवळचा गोंबे पिवळा होता. त्याच्या लगेच मागे, हात लांब केला तर खांद्याला लागेल इतक्या जवळ, दुसरा उभा होता. तोही पिवळा. डोक्यापासून पायापर्यंत, नीट, कुठेही रेषेबाहेर न जाता.

तिने गोदीत फोन लावला. कुणी उचलेना. मग तिने कुणाची तरी सायकल घेतली.

गोदीच्या तळात उतरायच्या शिड्या ओल्या होत्या. जहाजाच्या पोटाखाली अंधारी सावली, आणि त्या सावलीत, जहाजाच्या तळाला, बोगद्याचं भोक. भोकाशेजारी फळा. आत जाणाऱ्याने आपल्या नावाची लाकडी पाटी फळ्याला लावायची आणि बाहेर आल्यावर काढायची, ही गोदीची शिस्त. हाकोझाकी-सान तिथेच सिगारेट ओढत उभे होते.

"शिगे आत गेला?"

"दोघं गेलेत," हाकोझाकी म्हणाले. "का? काय झालं?"

"दोघं? दुसरा कोण?"

"आता ते तुम्ही मला विचारणार? कागदावर दोन माणसं होती, पिवळी केलेली. म्हटलं, व्हॉल्व जड आहे, दोघं लागत असतील. फळ्यावर बघा की, दोन पाट्या आहेत."

दोन होत्या. एकीवर शिगेनोबुचं नाव. दुसरी कोरी.

"तो कुठून आला? तुम्ही बघितला?"

हाकोझाकी गोंधळले. "आला असेल कुणीतरी दुसऱ्या टोळीतला. मी... नाही, मी बघितला तसा नाही."

फुमिए भोकाशी वाकली. "शिगे!"

आवाज आत गेला आणि परत आला नाही.

"शिगे, बाहेर ये! ऐकतोस का?"

आतून पावलं वाजली. एकाच माणसाची. ती मोठी होत आली असं काही तिला वाटलं नाही. वाजायला लागली तेव्हाच ती जवळ होती.

शिगे भोकातून बाहेर आला.

"काय गं, आग लागली का कुठे?"

तिने त्याचा दंड धरला. गच्च धरला. रडू फुटलं तिला, चारचौघांत, गोदीच्या तळात. "मेल्या, तुला कितीदा हाका मारल्या!"

"आलो ना. व्हॉल्व बसवला. संपलं."

"आत दुसरा कोण होता?"

"कुणी नाही."

"ही पाटी?"

त्याने दोन्ही पाट्यांकडे बघितलं. मग हात पुढे केला, आणि क्षणभर तो हात दोन्हींच्या मधे तसाच राहिला. "चुकून लागली असेल," तो म्हणाला आणि दोन्ही काढल्या.

हाकोझाकींनी आत टॉर्च मारला, दोनदा ओरडून बघितलं. उत्तर नाही. पाट्या निघालेल्या, फळा मोकळा. त्यांनी झाकण बसवायला माणसं बोलावली.

शिगेच्या कपड्यांना गंजाचा एक डाग नव्हता. पुसून आला असेल, फुमिएने मनाशी म्हटलं. आता पुरे. आता भावावरही संशय घेणार का मी?

दोघं शिड्या चढून वर आली. धक्क्यावर लख्ख ऊन होतं.

"हा घे तुझा कागद," त्याने घडी केलेली प्रत तिच्या हातात दिली. "मी होतो पुढे. बोटीची वेळ झालीय, घरी वाट बघतायत."

"जा. बायकोला विचारलं म्हणून सांग."

तो निघाला. तिथून धक्का सरळसोट जातो आणि टोकाला बोटीची पायरी आहे. मागे गोदीत झाकणाचे बोल्ट आवळल्याचा आवाज येत होता, एकामागून एक.

तिने कागद उघडला. व्हॉल्वजवळ एक गोंबे होता. त्याच्या मागे माणसाच्या आकाराचा पिवळा रंग होता. डोकं, खांदे, हात, पाय. रंग जिथल्या तिथे होता. भोवती रेष नव्हती.

तिने मान वर केली.

एक मासेवाला सायकल ढकलत तिच्या शेजारून पुढे गेला. जसजसा लांब गेला तसतसा लहान झाला, सायकलीसकट. दिव्याचे खांब एकापुढे एक बुटके होत गेलेले. टोकाला बोट, काडेपेटीएवढी.

शिगे मासेवाल्याच्या पुढे होता. शेवटच्या खांबापाशी.

मघाशी तिच्या शेजारी उभा होता तेवढाच तो आताही दिसत होता. तिच्यापेक्षा वीतभर उंच.

"शिगे!" तिने हाक मारली.

तो थांबला. हात वर केला. मग चालू लागला. पाठ करून चालतोय की तोंड करून, हे तिला सांगता येईना.